रक्त वाढलं, तरी थकवा परतला : खो-खो खेळणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचं काम बघतो. हे प्रकरण आमच्याच एका विद्यार्थिनीचं आहे. तिनं वाचून 'चालते सर' म्हटल्यावरच ते लिहायला घेतलं, आणि गाव, घर, विषय ओळखू येणार नाहीत इतपत फिरवले आहेत. खेळल्यानं मुलांचा ताण कमी होतो, हे वाक्य आमच्या प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या भाषणात असतं आणि ते खोटं नाही. पण या मुलीच्या बाबतीत वर्षभरात एकाच खेळानं एकदा तिला उभं केलं आणि एकदा बसवलं. दोन्ही वेळचा रक्ताचा रिपोर्ट हाताशी होता, म्हणून दुसऱ्या वेळी कारण शोधताना अशक्तपणाच्या नावावर सगळं ढकलून मोकळं होता आलं नाही.

मुलगी आणि तिचा दिवस

वय १९, बीएस्सी दुसरं वर्ष. गाव कॉलेजपासून बावीस किलोमीटर. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, धाकटा भाऊ बारावीत. पहाटे साडेचारला उठायचं, अंगणात सडा, मग भाकरी, आणि सहा चाळीसची एसटी. दुपारभर तास आणि प्रॅक्टिकल. चारची गाडी पूर्ण भरून येते, कधी थांबतच नाही. म्हणून बहुतेक दिवस साडेसहाची. घरी पोचायला साडेसात, पुढे स्वयंपाक आणि मग अभ्यास. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की रविवारी आईबरोबर वेचणीला. आधी घरच्या वावरात, घरचा संपला की दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं.

हा दिवस आमच्या निम्म्या मुलींचा असतो आणि त्यातल्या बऱ्याच हसतखेळत तो काढतात. त्यामुळे नुसत्या वेळापत्रकावर बोट ठेवून भागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केमिस्ट्रीच्या मॅडमनी पहिल्यांदा तिचा विषय काढला. पहिल्या वर्षी ही पोरगी पहिल्या बाकावर बसायची, हात वर करायची. आता शेवटून दुसऱ्या बाकावर. जर्नल अर्धवट. 'पूर्ण का केलं नाहीस' विचारलं तर उद्धटपणा नाही, रडणं नाही, फक्त 'काय फरक पडते मॅडम'. हिवाळी परीक्षेत एका पेपरला अर्ध्या तासात उत्तरपत्रिका देऊन बाहेर आली. विषय राहिला. पुढे माझ्याशी बोलताना ती म्हणाली, "पेपर सोपाच होता सर. पण मले लिहावंच वाटे ना. घरी जाऊन बोलले तेव्हाही मले काहीच वाटलं नाही."

शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. परीक्षेची भीती वाटणारी मुलं वेगळी असतात. त्यांना झोप लागत नाही, पोटात गोळा येतो. इथे भीतीचाच पत्ता नव्हता.

हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसोपचारातल्या माणसानं १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतून विझून जाण्यावर लिहिलं, ते सेवाभावी दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दल. १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी त्याची मोजपट्टी केली. तिचे तीन भाग : मन रितं होणं, कामाशी आणि माणसांशी तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. २००२ मध्ये विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी हीच पट्टी विद्यार्थ्यांसाठी बेतली, कारण अभ्यासही शेवटी काम आहे. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. नोकरी-कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून तिनं त्याची नोंद केली आहे. म्हणून मुलीच्या कपाळावर कसलाही शिक्का मारायचा नव्हता. पण तिन्ही गोष्टी तिच्यात दिसत होत्या, आणि जर्नलमधल्या कोऱ्या पानांपेक्षा मला दुसरी जास्त खटकत होती. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीशीही ती बोलेनाशी झाली होती.

आधी रक्त

आमच्याकडे एक शिस्त आहे. दमलेली मुलगी दिसली की आधी हिमोग्लोबिन, मग उपदेश. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. चार मुलींमागे दोघींचं रक्त कमी असेल, तर 'मन लावून अभ्यास कर' हे सांगणं म्हणजे हवा नसलेल्या सायकलला पायडल मारायला लावणं. विदर्भात याला दुसरी बाजू सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. इथे अनेक समाजांत त्याचे वाहक आहेत. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, पाणी कमी पडलं असताना अंगाबाहेरची धाव घेतली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा मैदानावर घ्यायच्या आधी ही तपासणी झालीच पाहिजे, हा माझा हट्ट आहे. तो काही पालकांना आवडत नाही. 'पोरीच्या लग्नात आडवं येईल' म्हणतात.

ग्रामीण रुग्णालयात तिचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. या वयाच्या मुलीला किमान १२ लागतं. सिकलसेल नाही. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, कारण त्यानं लोह अंगी लागत नाही. तिथल्या समुपदेशक ताईंनी नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली. औषधाची गरज नाही पण लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. तिनं तो कधी लावला नाही. लावला असता तरी हरकत नव्हती.

नववी गडी

मैदान कॉलेजच्या मागे आहे. काळी माती, वर मुरूम टाकून दाबलेली. पावसाळ्यात पाय रुततो आणि एप्रिलनंतर सकाळी आठच्या पुढे उभं राहवत नाही. जानेवारी हा आमचा सुखाचा महिना. साडेसहाच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुली पाच ते सहा खो-खो खेळायच्या. संघ वगैरे काही नाही. एक दिवस पाठलागाला आठच भरल्या. ही पायरीवर बसलेली. कुणीतरी ओरडलं, "ए, ये ना वो, एक कमी पडून राह्यली!" शाळेत ती विभागापर्यंत खेळलेली होती हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दहावीनंतर तिचं मैदान सुटलं होतं. १९१४ पासून अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं देशी खेळ जगाला दाखवले, त्याचा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना फार अभिमान. पण खेड्यातल्या मुलीचं मैदान आजही दहावीच्या निरोप समारंभाला संपतं.

पहिल्या दिवशी ती तिसऱ्या चौकोनात बसली. गुडघे दुमडलेले, हाताचे पंजे जमिनीवर, तोंड पश्चिमेकडे. मागून पाठीवर थाप पडली, 'खो' आला, आणि ती उठलीच नाही. तीनेक सेकंद तशीच बसून राहिली. मग उठली आणि भलत्याच दिशेनं पळाली. सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या 'खो'ला मात्र ती उठली ती खांबापर्यंत एका दमात गेली, आणि खांबाला हात लावून वाकून दम खात राहिली. रक्त ९.२ असलेल्या मुलीनं एवढंच करायचं असतं. मी तिला पुढचे पंधरा दिवस बसणाऱ्यांत ठेवलं, धावकांत नाही.

खो-खोबद्दल एक निरीक्षण सांगतो, ते माझं आहे. चौकोनात बसलेल्या खेळाडूला दुसरा विचार करताच येत नाही. केव्हा पाठीवर हात पडेल सांगता येत नाही, आणि पडला की त्या क्षणी उठावंच लागतं. जी दिवसभर कुणाच्या हिशेबात नसते, तिला इथे पाच-सात मिनिटांत चारदा कुणीतरी हात लावून, मोठ्यानं ओरडून बोलावतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : आपल्या मर्जीनं करणं, जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं असणं. संध्याकाळच्या त्या तासात तिन्ही होत्या. हजेरी नाही, गुण फळ्यावर लिहायचे नाहीत, डाव संपला की गडी अदलाबदल. त्यामुळे जिंकलं कोण हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. मी शिट्टीसुद्धा खिशातच ठेवायचो. आठवड्यात चार दिवस म्हटलं तरी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली किमान १५० मिनिटं त्यात आरामात भरत होती.

त्याच जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं आणि मुलींची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आमच्या पोरींनी तो सामना एका मोबाइलभोवती कोंडाळं करून पाहिला. दुसऱ्या दिवशी मैदानावर चौदा जणी.

मार्चपर्यंत बदल उघड होता. मी तो गुणपत्रिकेत मोजत नाही. जर्नल पूर्ण झालं हे खरं, पण मला पटलं ते एका बातमीनं : सुट्ट्या पैशावरून ती कंडक्टरशी भांडली. चार महिन्यांपूर्वी हिला कुणी गाडीतून उतरवलं असतं तरी ती गप्प उतरली असती.

इथे कुणीही हुशार वाचक म्हणेल की गोळ्यांनी काम केलं असेल. बरोबर आहे. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ११.३ झालं होतं. लोह वाढलं की दम पुरतो, डोकं दुखायचं थांबतं, चिडचिड कमी होते. फक्त एवढ्यावरून 'खेळानं बरी झाली' असं लिहिणं अप्रामाणिक ठरलं असतं, आणि हे प्रकरण मी तेव्हा लिहिलंही नसतं.

मग तिच्या धावण्याला भाव आला

जुलै २०२५ मध्ये तिसरं वर्ष सुरू झालं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ निवडायची वेळ आली. ती अर्थातच निवडली गेली. संघासाठी बाहेरून एक प्रशिक्षक येत असत. माणूस जाणकार, मेहनती, पण त्यांच्या वहीत प्रत्येक खेळाडूपुढे आकडे : किती गडी बाद, किती सेकंद टिकली, कोणता फाउल. सराव सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. सकाळच्या सरावासाठी तिला पहाटेची पहिली गाडी धरावी लागे, म्हणजे उठणं साडेतीनला.

ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं सुमारे १५ हजार पदांच्या पोलीस भरतीला मंजुरी दिली. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक पानटपरीवर हाच विषय असणार. तिच्या काकांनी घरी येऊन सांगितलं, पोरगी एवढी धावते तर त्याचं सोनं करा. काका चुकीचं बोलत नव्हते. मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, गोळा ४ किलोचा. त्यात निम्मे मिळाले तरच लेखीचा विचार. शिवाय खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण. कोरडवाहू चार एकरवाल्या घरात हा हिशेब कुणीही मांडेल. शहरात बसून 'मुलांना मुक्तपणे खेळू द्या' लिहिणाऱ्यांनी एकदा कापसाचा भाव आणि फवारणीचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघावा.

मग रविवारी पहाटे डांबरी रस्त्यावर ८०० मीटर. भाऊ मोबाइलवर वेळ लावून उभा. घरी आल्यावर बाबांचा प्रश्न एकच : "आज कितीत मारलं?"

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती पोट दुखतं म्हणून मैदानावरून घरी जाऊ लागली. ज्या दिवशी सराव नसेल त्या दिवशी पोट दुखत नसे. मैत्रिणी हसल्या की टोमणा मारायची. 'खो-खोनं कोणाचं पोट भरलं' हे वाक्य तिच्या तोंडी मी स्वतः ऐकलं. थॉमस रीडके आणि अ‍ॅलन स्मिथ यांनी २००१ मध्ये खेळाडूंच्या बर्नआउटची प्रश्नावली केली, तिच्यात थकवा आणि अपुरेपणा यांच्या जोडीला एक तिसरा भाग आहे : ज्या खेळावर जीव होता तोच फालतू वाटू लागणं. ते वाक्य जसंच्या तसं तिथे बसतं.

मित्रत्वाच्या एका सामन्यात ते सगळ्यांसमोर आलं. ती पाठलागावर होती. धावक समोरून निसटली, हिनं बरोबर वेळेला बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला, पण तोंडातून आवाज काढलाच नाही. पंचांनी फाउल दिला. पुढच्या डावात पुन्हा तेच. प्रशिक्षक ओरडले, "अगं, खो म्हण, खो!" ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ओठ हलले असतील तर ऐकू आलं नाही.

रक्त पुन्हा तपासलं. १२.४. ८०० मीटरची वेळ पहिल्या रविवारपेक्षा पुष्कळ सुधारलेली. अंगात ताकद होती, दम होता, खेळ तोच होता, मुलीही बहुतेक त्याच. बदललं होतं ते एवढंच की त्या धावण्याकडे आता चार जण आपापल्या वहीत बघत होते. झोपेचा तास-दीड तास गेला होता हेही मी धरतो. पण सराव पंधरा दिवस फक्त संध्याकाळी ठेवून, झोप पूर्ण करून पाहिली, तरी पोटदुखी तशीच राहिली. त्यावरून माझं मत असं झालं की तिला श्रमानं थकवलं नव्हतं. जानेवारीतला तो एक तास दिवसात एकटाच असा होता ज्याचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता, आणि तोच तिच्याकडून काढून घेतला गेला होता. दोन्ही वेळा तिच्यातला तुटकपणा सारखाच होता. पहिल्या वेळी त्याची धाव अभ्यासापर्यंत होती, दुसऱ्या वेळी तो मैदानावर उतरला.

घरी

मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर कापसाची गंजी, तिच्या बाजूला दोन खुर्च्या. बाबा म्हणाले, "सर, मी तिले जबरदस्ती करत नाही जी. पण पोरगी पोलिसात लागली तं तिचंच भलं आहे. इथं काय आहे आमच्यापाशी?" मी म्हटलं, "भाऊ, तुमचं काही चुकत नाही. भरती वाईट नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ती यंदाच हवी का, अन् पोरीला विचारलं का."

विचारलं नव्हतं. चहा घेऊन आलेल्या मुलीला तिथंच विचारलं. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. आईच बोलली : "डिग्री होऊ द्या. मंग भरू फारम." मुलगी म्हणाली, "फॉर्म मी भरीन. पण माह्या माह्यानं धावीन, टायम कोणी लावायचा नाही. अन् टीममधून नाव काढा सर." शेवटचं वाक्य मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं ती संघ ठेवेल आणि भरती सोडेल.

नाव काढलं. प्रशिक्षक नाराज झाले आणि त्यांचीही बाजू आहे. ऐन स्पर्धेच्या तोंडावर चांगली पाठलाग करणारी गेली, संघ दुसऱ्या फेरीत बाहेर पडला. संघातल्या दोघी तिच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. हौशी खेळाडूला मधूनच सोडायचा हक्क असावा हे मी मानतो. पण त्याची किंमत उरलेल्या अकरा जणींनीही मोजली.

संध्याकाळचा खेळ आम्ही संघाच्या सरावापासून वेगळा केला. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला फक्की मारून दुसरं, थोडं लहान खो-खो आखलं. तिथे माझी नियमांची यादी अगदी छोटी आहे : वही आणायची नाही, मोबाइल पिशवीत, आणि निवड समितीतल्या कुणी येऊन उभं राहायचं नाही. त्यात मीही आलो, म्हणून त्या तासाला मी शक्यतो जिमखान्याच्या खोलीत बसतो. दोन आठवडे ती आलीच नाही. मग येऊ लागली, कधी खेळायची, कधी पायरीवर बसून शेंगदाणे खायची. पोटदुखी दिवाळीच्या आसपास थांबली, नेमकी कधी ते तिलाही आठवत नाही. राहिलेला केमिस्ट्रीचा विषय त्या हिवाळी परीक्षेत सुटला. पाचव्या सत्राचे गुण साधारणच आहेत.

भरतीचा फॉर्म तिनं त्या वर्षी भरला नाही. आता ती गावाबाहेरच्या रस्त्यावर सकाळी धावते, आठवड्यातून दोन-तीनदा, भावाला न घेता. कितीत मारते ते घरी कुणाला सांगत नाही, मलाही नाही.

सध्याची अडचण वेगळीच आहे. साडेसहाची गाडी नव्या वेळापत्रकात पावणेसहाला आली. त्यामुळे बावीस किलोमीटरच्या टापूतल्या पाच मुलींचा तो तास गेला. पाचला मैदानावर उतरून साडेपाचला बसस्टँडकडे पळण्यात काही अर्थ नाही. आम्ही मुलींच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. तोवर प्राचार्यांनी मंगळवार आणि शुक्रवारी शेवटचं प्रॅक्टिकल अर्धा तास आधी सोडायला मंजुरी दिली आहे, आणि केमिस्ट्रीच्या मॅडम त्याला तयार झाल्या आहेत.